जांभळ्या खोलीतली काळी पानं

गोदामाबाहेर लांबच लांब रांग होती आणि रांगेत आवाज नव्हता. एवढी माणसं एका जागी उभी राहिली की कोणी खोकतं, कोणी पुढच्याच्या टाचेवर पाय देतं, दोन शब्द होतात. इथे तसलं काही नव्हतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत उभे होते आणि प्रत्येकाच्या हातात एकेक हिरवं पान होतं. पान घरून आणायचं, स्वतःच्या हाताने तोडलेलं, असा नियम होता. कोणी जास्वंदीचं आणलं होतं, कोणी कुंडीतल्या मनीप्लांटचं, एका म्हाताऱ्या बाईंनी तर पालकाची अख्खी जुडीच आणली होती. "एका पानात माझं भागायचं नाही," असं त्या मागच्याला समजावत होत्या, तेही कुजबुजत.

दारावरचा माणूस मोबाईल मागून घेत होता आणि टोपलीत टाकत होता.

"आत उजेड न्यायचा नाही. आतल्या तेजाला बाहेरचा उजेड सोसत नाही."

उजेड न सोसणारं तेज! आत्याला एरवी हसू आलं असतं. आज आलं नाही. तिच्या खांद्यावर तिची भाची, बबडी, डोकं टेकून उभी होती आणि ते डोकं फार जड लागत होतं.

दार उघडलं. आतून एक बाई बाहेर आली, डोळे चोळत. रस्त्याकडे बघून तिने गालावर हात ठेवले.

"सगळं हिरवं दिसतंय हो! ही भिंत बघा, हिरवी!"

भिंत पांढरी होती. पण रांगेतून एक समाधानाचा सुस्कारा गेला. रोग गेला की डोळ्यांना जग हिरवंगार दिसतं, असं आत बैठक घेणाऱ्या माळीबुवांनी सांगून ठेवलं होतं आणि प्रत्येकाला ते दिसत होतं.

"मागच्या खेपेला माझ्यापुढे ते टोपीवाले काका होते. आज दिसत नाहीत?" पालकवाल्या बाईंनी विचारलं.

"बरे झाले ना!" दारावरचा माणूस म्हणाला. "बरं झालेलं माणूस कशाला येईल?"

बाईंनी मान डोलावली. आत्या मात्र मनाशी हिशेब मांडू लागली. इथे जो येत राहतो तो बरा होत असतो, आणि जो यायचा थांबतो तो बरा झालेला असतो. या हिशेबात कोणी मरूच शकत नव्हतं.

*

आत्या दातांची डॉक्टर. तिच्या भावाचं, दादाचं, रंगांचं दुकान होतं. घराच्या भिंतींचे, दारांचे, लोखंडी गजांचे रंग. गिऱ्हाईक जुना टवका घेऊन यायचं आणि दादा चार डबे उघडून, थेंब थेंब मिसळून तस्साच रंग करून द्यायचा. त्याची नजर गावात वाखाणलेली. त्या नजरेचा त्याला अभिमान होता आणि तो अभिमान खोटा नव्हता.

बबडीला कावीळ झाल्याचं आत्याला आधी कोणी कळवलंच नव्हतं. कळलं ते वहिनीच्या फोनवरून, आणि तेही भलत्याच कारणाने.

"अहो, बबडीच्या हिरड्यांतून रक्त येतंय. ब्रश बदलू का? तुम्ही ते मऊ कुंच्याचे देता ना, तसला एखादा पाठवा."

"किती येतंय, वहिनी?"

"उशी भिजते."

आत्याने दवाखाना बंद केला आणि थेट दादाचं घर गाठलं. बबडी भर दुपारी झोपलेली होती. हाक मारल्यावर उठली, आत्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, शाळेची बस गेली का?" वहिनी शेजारीच उभी होती. बबडीचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. दंडावर, जिथे काही लागलेलं नव्हतं तिथे, निळे डाग होते.

दातांच्या डॉक्टरलाही यकृत म्हणजे काय ते शिकवलेलं असतं. रक्त गोठवणारे पदार्थ यकृतात तयार होतात. ते होईनासे झाले की हिरड्या गळू लागतात. आणि रक्तातलं विष यकृताने गाळलं नाही, तर माणूस झोपाळतं, माणसं ओळखण्यात चुकतं, आणि मग एका झोपेतून उठत नाही.

"हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायचं," आत्या म्हणाली.

"नेली होती," दादा म्हणाला. "भरती करा म्हणाले. पण बुवांकडे सुई चालत नाही. औषध आणि तेज एका अंगात नांदत नाहीत, दोन सवतींसारखं असतं ते."

"हे तू बोलतोयस?"

"मी पाहिलंय म्हणून बोलतोय! तू दातांचं बघ गं. रंग कोणाला कळतो, तुला की मला? त्या खोलीत हिच्या डोळ्यांतला पिवळा उतरलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. पार गेला होता. बाहेर आल्यावर परत चढतो, कारण बैठका पुऱ्या झालेल्या नाहीत. आज शेवटची आहे."

"दादा, दिव्याने कावीळ..."

"का? तान्ह्या बाळांना काविळीत दिव्याखाली ठेवतात ते तुमच्या हॉस्पिटलात चालतं. बुवांनी ठेवलं की अंधश्रद्धा?"

प्रश्न बिनतोड वाटत होता, म्हणूनच घातक होता. आत्याने सांगायचा प्रयत्न केला. बाळाचं यकृत कोवळं असतं. निळा प्रकाश त्याच्या कातडीतलं पिवळं द्रव्य बदलतो आणि ते शरीरातून निघून जातं. इथे यकृतालाच सूज आहे. पिवळेपणा ही नुसती खूण आहे, खूण पुसून दुखणं जात नाही. आणि बाळ सुधारलं की नाही हे तिथे रक्त तपासून ठरवतात, खोलीत डोकावून नव्हे. दादा ऐकत होता, पण दाराकडे बघत. त्याची चप्पल पायात होती.

मुलगी त्याची होती. हिसकावून नेता येणार नव्हती.

"मी बरोबर येते," आत्या म्हणाली. "बैठक संपली की तिथूनच हॉस्पिटल. कबूल?"

"ये की. बघ तरी. पण पांढरं घालावं लागतं."

दवाखान्यातला पांढरा कोट अंगावरच होता. "हा चालेल," दादा म्हणाला आणि कित्येक दिवसांनी जरासा हसला.

*

दादा-वहिनी पुढे, बबडीला धरून आत्या मागे, असे ते आत शिरले. आत दोन जाड पडदे होते. एक ओलांडला की अंधार, दुसरा ओलांडला की जांभळं.

गोदामाला खिडकी नव्हती. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, प्रत्येक फळीवर कुंड्या, कुंड्यांत दाट वाढलेली रोपं. ओल्या मातीचा वास, कुठेतरी पंख्याची बारीक घरघर. दिवे दिसत नव्हते, ते फळ्यांच्या कडांआड दडवले होते. सगळ्या हवेलाच जांभळा रंग चढल्यासारखा वाटत होता. माणसांचे चेहरे, हात, दात, सगळं एकाच गुलाबी-जांभळ्या पाण्यात बुडालेलं. आणि रोपं? रोपं काळी होती. काजळासारखी काळी.

वाढ कशी होते हे आत्याला लगेच कळलं. असला एक दिवा तिने स्वतः आणला होता. तिच्या दवाखान्याच्या बसायच्या खोलीत ऊन येत नाही, म्हणून कोपऱ्यातल्या कुंडीवर लावायला. रोपं वाढवायचे एलईडी दिवे, कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतात. सूर्याशिवाय वाढणाऱ्या बागेचा चमत्कार तिथेच संपला होता.

पण तिच्या दिव्याखाली पान कधी काळं पडलं नव्हतं.

माळीबुवा मधोमध बसले होते. आवाज मऊ, पाय बिनभेगांचे, नखं स्वच्छ. या माळ्याच्या नखात माती कधी गेली नसावी.

"सूर्य कोणाचा? सगळ्यांचा. चोराचा, पोराचा, गाढवाचा. आणि हे तेज कोणाचं? ज्याला बोलावणं आलं त्याचं! बघा आपापल्या हातात. काय आणलं होतंत?"

"हिरवं पान," माणसं एका सुरात म्हणाली.

"आता?"

आत्याने बबडीच्या हाताकडे पाहिलं. निघताना घराच्या कुंपणावरून बबडीने स्वतः तोडलेलं जास्वंदीचं पान. आत्याच्या डोळ्यांदेखत तोडलेलं, कोणी हात न लावलेलं. ते काळं झालं होतं.

"पानाने रोग प्यायला! आता हे पान इथून बाहेर जायचं नाही. गेलं, तर रोग घरी पोचेल. ज्या लेकराचा काढला त्याच्या आईला लागेल, भावाला लागेल." बुवांनी झाकणाचा पत्र्याचा डबा पुढे केला. "इथे टाका आणि झाकण मी लावेन."

"आणि डोळे बघ," दादा आत्याच्या कानाशी म्हणाला. "बघ ना! आहे पिवळा?"

आत्याने बबडीची पापणी वर केली. पिवळा नव्हता. बबडीचे डोळे आजूबाजूच्या प्रत्येकाच्या डोळ्यांसारखेच गुलाबीसर जांभळे होते. गालांवर लाली होती. दोन पावलांवर, रस्त्यात, ही मुलगी मरायला टेकल्यासारखी दिसत होती आणि इथे ती एखाद्या समारंभाला सजून आल्यासारखी दिसत होती.

एक क्षण आत्यालाही वाटलं, असेल का काही? वाटलं, कारण तिला तसं वाटून घ्यायचं होतं. सोळा वर्षांची पोर होती ती.

बबडीचं डोकं तिच्या छातीवर घसरलं. तोंडाच्या कोपऱ्यातून ओलसर काही कोटावर उतरलं. पुसायला आत्याने खाली पाहिलं. डाग कसला ते त्या उजेडात ओळखू येत नव्हतं. डागाच्या वर खिशावर तिच्या दवाखान्याचं चिन्ह होतं, दाताभोवती वळलेली एक हिरवी डहाळी. शिंप्याकडून हिरव्या दोऱ्याने भरून घेतलेली.

डहाळी काळी होती.

आत्या त्या दोऱ्याकडे बघत राहिली. दोऱ्याला कसला रोग?

मग तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. तिच्या बसायच्या खोलीत जांभळ्या दिव्याबरोबर साधी ट्यूबही जळत असे, म्हणून तिथे पान हिरवं राहत होतं. इथे दुसरा उजेड नव्हता. म्हणून टोपलीत मोबाईल. म्हणून दोन पडदे. म्हणून पांढरे कपडे, नाहीतर एखादीचा हिरवा पदर काळा पडला असता आणि तिने आत्यासारखाच प्रश्न विचारला असता. म्हणून पान बाहेर न्यायचं नाही.

तिने कोटाच्या खिशातून दात तपासायची बॅटरी काढली. पेनाएवढी. ती टोपलीत टाकायची कोणाला सुचलं नव्हतं, तिलाही नाही.

बटण दाबलं. बबडीच्या हातातल्या काळ्या पानावर पांढऱ्या उजेडाचा एक ठिपका पडला, आणि त्या ठिपक्यात पान हिरवंगार होतं.

कोणीतरी किंचाळलं.

"विझवा!" बुवा उभे राहिले. आवाजातला मऊपणा गेला होता. "हिने पान फोडलं! रोग सुटला खोलीत! तोंडं झाका!"

माणसं मागे सरकली, भिंतींना चिकटली. दारावरचा माणूस आत आला आणि पडद्यापुढे पाय रोवून उभा राहिला. आत्याने उजेड बबडीच्या चेहऱ्यावर नेला. जांभळ्यातून एक पिवळा चेहरा वर आला. पिवळे डोळे, ओठांच्या कडेला लाल रक्त.

वहिनीने "अगं बाई गं" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"बघा!" बुवा ओरडले. "शिरला परत! आत्ता कुठे निघाला होता, या बाईने घातला!"

तेवढ्याने गर्दी आत्यावर फिरली. एकाने तिचा कोट मागून धरला. आता ही बॅटरी हिसकावतील, बबडी डब्याशेजारी पडून राहील आणि संध्याकाळपर्यंत सगळे म्हणतील की पोर आत्यापायी गेली. हे तिला फार स्वच्छ दिसलं.

तिने बॅटरी विझवली. चेहरा गुलाबी. लावली, पिवळा. विझवली, गुलाबी. लावली, पिवळा.

"बुवा, रोग बटणावर चालतो का हो?" तिने बॅटरी विझवून कोटाचा खिसा पुढे केला. "आणि माझ्या कोटावरच्या या हिरव्या दोऱ्याला काय झालंय? कावीळ की मूळव्याध?"

भिंतीपाशी कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कोट धरणारा हात सैल पडला.

"दादा," ती वळली. "रंग घेऊन जाणाऱ्याला तू दुकानात काय सांगतोस?"

दादाने तिच्या हातातल्या बॅटरीकडे पाहिलं.

"रोज सांगतोस. काय सांगतोस?"

"घरी न्या," दादा म्हणाला. शब्द ओढून काढल्यासारखे येत होते. "दुकानातल्या दिव्यात ठरवू नका... दिवसाच्या उजेडात बघा, मग ठरवा."

"आणि पोरीचं?"

दादा त्या पिवळ्या चेहऱ्याकडे बघत होता. मग तो खाली वाकला आणि बबडीला त्याने उचललं. दारावरच्या माणसाला तो काहीच म्हणाला नाही. रंगांचे डबे उचलून उचलून त्याचे खांदे पडद्याएवढेच रुंद झाले होते. माणूस बाजूला झाला आणि बबडीला खांद्यावर घेऊन दादाने मोकळ्या हाताने दोन्ही पडदे दांडीसकट खाली ओढले, दार पायाने ढकललं.

दिवसाचा उजेड आत आला. त्याला काही सोसायचं नव्हतं, तो सरळ आला. माणसांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. पानं हिरवी होती. पालकाची जुडी हिरवी होती, थोडी कोमेजलेली.

मग कोणीतरी मांडण्यांकडे बोट दाखवलं. बुवांची काळीभोर बाग उजेडात उभी होती आणि तिची अर्धी पानं पिवळी पडली होती. देठांवर पांढऱ्या किडीचे पुंजके होते, कडा जळल्या होत्या. जांभळ्या उजेडात झाडाचा आजारही दिसत नाही. जो माणूस खरोखर रोपं वाढवतो, तो म्हणूनच पांढरा दिवा लावून पानं तपासतो. बुवांनी कधी तपासली नव्हती.

*

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात. अजून हातातून गेलेली नाही, एवढंच सांगू शकतो." बबडीला आतल्या विभागात नेलं आणि दार लोटलं.

बाकावर दादा शेजारी बसून होता. तो म्हणाला, "मला समजाव. काय झालं तिथे?"

आत्याने समजावलं. साध्या उजेडात सगळे रंग असतात. पान त्यातला तांबडा आणि निळा बराचसा खातं, त्यावर वाढतं, आणि हिरव्यातला बराच भाग परत फेकतं. तो आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून पान हिरवं. दिवे बनवणाऱ्यांनी विचार केला की रोपाला मुख्यतः जे हवं तेच देऊ, आणि नुसते तांबडे-निळे दिवे केले. त्यांत लबाडी काही नाही, कोथिंबीर छान येते. पण त्या खोलीत हिरवा प्रकाशच नसतो, मग पान परत काय फेकणार? म्हणून काळं. डोळ्यांतला पिवळाही तसाच. तांबडा आणि हिरवा मिळून आपल्याला पिवळं दिसतं. हिरवा नाही, तर पिवळा नाही.

"आणि बाहेर आल्यावर हिरवं दिसतं ते?"

"डोळे तांबड्या-निळ्याला थकतात. बाहेर आलास की थोडा वेळ हिरवंच जास्त भरतं. रोग असो नसो. मलाही आज दिसलं."

दादाने दोन्ही तळव्यांनी चेहरा घासला. "इतकी माणसं होती तिथे. सगळी मूर्ख?"

"नाही रे. सगळ्यांनी एकाच दिव्यात पाहिलं."

दुसऱ्या दिवशी पोलीस गोदामात पोचले तेव्हा मांडण्या होत्या, कुंड्या होत्या, पत्र्याचा डबा होता. दिवे नव्हते. बुवा दिवे काढून घेऊन गेले होते आणि ते कुठेतरी लागणार होते. मग पालकवाल्या बाईंनी यायचे थांबलेल्या माणसांची घरं शोधायला सुरुवात केली. टोपीवाले काका बरे झाले नव्हते. आणखी एका घराला कुलूप होतं आणि तिथल्या शेजाऱ्यांनी मान खाली घातली.

असा एखादा दिवा तुमच्या गल्लीतही लागेल. तो जांभळाच असेल असं नाही. त्याचं पाणी होईल, राख होईल, नुसता आवाजही होईल. तेव्हा माणूस चांगला की वाईट यावर वाद घालू नका. एवढंच विचारा, की हे बाहेर नेऊन बघू का? दुसऱ्या उजेडात, दुसऱ्या डॉक्टरसमोर, बुवांच्या पाठीमागे? खऱ्या औषधाला बाहेर न्यायची भीती नसते. 'इथेच बघा, इथेच ठेवा, घरी नेलंत तर आईला लागेल' असं जो म्हणतो, त्याच्याकडे पाठ करा आणि आजारी माणसाला उचला. विचार करायला वेळ हवा असेल तर वाटेत करा.

बबडी कितीतरी दिवसांनी उठून बसली. खाट खिडकीशी होती, सकाळचं ऊन तिच्या पांघरुणावर होतं. वहिनी तिचे केस विंचरत होती.

"बाबा, बघा ना, डोळे पांढरे झाले की नाही? नर्स म्हणाली झालेत. तुम्हाला तर लगेच कळतं."

दादा जवळ आला. त्याने तिची हनुवटी धरली, चेहरा खिडकीकडे वळवला आणि बराच वेळ पाहिलं. गावात वाखाणलेली ती नजर होती आणि समोर स्वच्छ दिवसाचा उजेड होता. त्याचे ओठ हलले.

मग तो आत्याकडे वळला.

"रक्ताचा रिपोर्ट कधी येतोय?"